दहा वर्षे, बारा वर्षे, अठरा वर्षे

असोद्याच्या कोणत्याही स्मरणिकेत बहिणाबाईंवर एक लेख असावयाचाच. यंदाही तो आहे, आणि माझ्यापेक्षा अधिकारी लेखणीने लिहिलेला आहे. म्हणून चिटणीसबाईंनी मला "तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा" असे सांगितले, तेव्हा मी मनाशी ठरविले की या खेपेस बहिणाबाईंकडे वळावयाचे नाही. पण विषय शोधता शोधता मी फिरून त्यांच्याच दाराशी येऊन उभी राहिले. त्यांच्या कवितेसाठी नव्हे, त्यांच्या वयासाठी.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, नागपंचमीचा, आपल्या गावच्या महाजनांच्या घरातला. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. एवढे आपल्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु या दोन गोष्टींच्या मध्ये, १९ मार्च १८९१ रोजी, दूर कलकत्त्यास एक कायदा मंजूर झाला, आणि तो असोद्यातल्या साडेदहा वर्षांच्या त्या मुलीला थेट लागू पडत होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या कायद्याच्या आदल्या दिवसापर्यंत सरकारी दंडसंहितेच्या लेखी दहा वर्षे पुरी झालेली मुलगी ही संरक्षणाच्या रेषेबाहेर गेलेली होती. नवऱ्याने तिच्या शरीराशी काहीही केले तरी तो बलात्काराचा गुन्हा नव्हता. परक्या पुरुषाने केले तर तिची संमती नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार तिच्याच बाजूवर. दुसऱ्या दिवशी ती रेषा दहावरून बारावर गेली. म्हणजे कायद्याने असोद्याच्या त्या पोरीला दीड वर्षाचे बालपण परत दिले.

या रेषेला जुन्या मराठीत "संमतिवय" म्हणत. शब्द जरा फसवा आहे. संमती देण्याचे वय, असा त्याचा अर्थ वाटतो. खरा अर्थ उलटा आहे. या वयाखालच्या मुलाने वा मुलीने "हो" म्हटले तरी ते "हो" नव्हे. मोठ्या माणसाला त्या शब्दामागे लपता येणार नाही. मुलांच्या अब्रूचे आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या आजच्या साऱ्या कायद्यांचा पाया हाच आहे. ती रेषा दहापासून अठरापर्यंत कशी सरकत आली, आणि प्रत्येक वेळी तिच्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, हे मला सांगावयाचे आहे. विषय हळदीकुंकवाच्या समारंभात काढण्यासारखा नाही, हे मी जाणून आहे. तो कोठेच काढण्यासारखा नसतो, म्हणून तर स्मरणिकेत लिहिते.

दंडसंहिता झाली १८६० साली आणि अमलात आली १८६२ च्या जानेवारीत. त्यात दहा वर्षांची मर्यादा होती. आपल्याकडे तेव्हा लग्न आणि सासरी नांदावयास जाणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. पाळण्यात सोयरीक, आठव्या-नवव्या वर्षी लग्न. मग मुलगी माहेरीच परकर नेसून खेळे. तिला न्हाण आले म्हणजे मखरात बसवीत, गोडधोड होई, आणि मग ती सासरी पाठविली जाई. मधला काळ हे मुलीचे एकमेव संरक्षण होते, आणि ते संपूर्णपणे दोन्ही घरच्या मोठ्या माणसांच्या शहाणपणावर अवलंबून होते. ते शहाणपण जेथे नसे तेथे काय होई, हे त्या काळच्या बायका एकमेकींना माजघरात सांगत. कागदावर कोणी लिहीत नसे.

कागदावर पहिल्याप्रथम लिहिले ते एका मुंबईच्या मराठी मुलीने. तिचे नाव रखमाबाई. जन्म १८६४ चा, सुतार जातीच्या घरातला. आई जयंतीबाई लहान वयातच विधवा झाली आणि पुढे तिने डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या जातीत पुनर्विवाहाची चाल होती. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लागले. ती माहेरीच राहिली, सावत्र वडिलांच्या घरी वाचावयास शिकली, आणि मोठी झाल्यावर तिने सासरी जावयास नकार दिला. हे लग्न मी समजत नसताना लागले, ते मला बंधनकारक नाही, असे तिचे म्हणणे. १८८४ साली दादाजीने हायकोर्टात दावा लावला.

पुढचा इतिहास एखाद्या नाटकासारखा आहे, पण त्यातल्या एका गोष्टीकडे मला लक्ष वेधावयाचे आहे. पत्नीला कोर्टाकरवी नांदावयास लावण्याचा दावा ही आपल्या धर्मशास्त्रातली वस्तू नव्हती. ती इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांतून इकडे आलेली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी हेच ओळखून दादाजीचा दावा फेटाळला. म्हणजे "आमच्या धर्मात हात घालू नका" असे ओरडणारे लोक जिच्यासाठी ओरडत होते ती चाल मुळात साहेबाचीच होती! पण अपील झाले, दावा पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईने सांगितले, तुरुंगात जाते. बावीस वर्षांची मुलगी, १८८७ साल! अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी आयुष्यातली अनेक वर्षे सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात काढली. आपल्या जळगावहून अमळनेर, नंदुरबार करीत ताप्तीच्या खोऱ्याने जाणारी रेल्वे जेथे पोहोचते तीच सुरत. त्या १९५५ पर्यंत हयात होत्या. बहिणाबाईंच्या मागे चार वर्षे.

खटला चालू असताना रखमाबाईंनी एका इंग्रजी दैनिकात "एक हिंदू स्त्री" या सहीने पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलीचे शिक्षण, शरीर आणि मन यांचे काय होते, हे त्यात एका मुलीनेच सांगितले होते. तोवर हा वाद पुरुष पुरुषांशी घालीत. पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध रान उठविले होतेच. पण सरकार हलत नव्हते.

सरकार हलले ते १८९० मध्ये, एका मुलीच्या मृत्यूने. कलकत्त्याची फुलमणी. वय दहाच्या वर, बाराच्या आत. नवरा हरिमोहन मैती तिच्या तिप्पट वयाचा. लग्नानंतर नवऱ्याने केलेल्या संबंधाने झालेल्या जखमांतून ती मेली. खटला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांपुढे पेच पडला: मुलगी दहा वर्षांवरची आहे, सबब हा बलात्कार नव्हे. अखेर निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. वर्षभराची शिक्षा मला आठवत नाही इतकी ती "दहा वर्षांवरची आहे, सबब" ही ओळ आठवते. सुमारे पन्नास स्त्री-डॉक्टरांनी त्याच सुमारास सरकारला अर्ज करून आपल्या दवाखान्यांत आलेल्या अशाच मुलींची हकीकत कळविली. फुलमणी एकटी नव्हती.

जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्रू स्कोबल यांनी विधेयक मांडले: दहाच्या जागी बारा. एवढेच. लग्नाचे वय कोणी बदलीत नव्हते. लग्न आठव्या वर्षी करा, पण बारा पुरी होईतो तिला हात लावू नका, इतकीच मागणी. आणि तरी महाराष्ट्रात व बंगाल्यात असे वादळ उठले की विचारू नये. पुण्यात सुधारकांची सभा उधळून लावण्यात आली. एका बाजूला न्यायमूर्ती रानडे, तेलंग, "सुधारक"कार आगरकर, डॉक्टर भांडारकर. भांडारकरांनी तर शास्त्रग्रंथ उघडून दाखविले की बारा वर्षांपूर्वी गर्भाधान झालेच पाहिजे असा धर्म नाही. दुसऱ्या बाजूला "केसरी"कार टिळक.

लोकमान्यांविषयी लिहिताना हात अडखळतो. आमच्या घरी माजघरात त्यांचा फोटो होता, आणि अजून आहे. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे होते असेही नाही. परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याचा बडगा घेऊन शिरू नये. सुधारणा हवी तर आपण आपल्या आपण करू, असे ते म्हणत. आणि केवळ बोलण्यापुरते नव्हे: १८९० मध्ये त्यांनी स्वतः सुधारकांपुढे प्रतिज्ञेचा मसुदा ठेवला की मुलींची लग्ने सोळाच्या आत व मुलांची विसाच्या आत करू नयेत, चाळिशीवरच्या पुरुषाने लग्न करावयाचेच असेल तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये. सरकारच्या बारापेक्षा टिळकांचे सोळा किती मोठे! पण ते सही करणाऱ्यांपुरते. ज्या घराने सही केली नाही त्या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीने काय करावयाचे, या प्रश्नाला त्या मसुद्यात उत्तर नव्हते. स्वराज्य येईपर्यंत थांबा, असे फुलमणीला सांगता आले नसते. आदर तसाच ठेवून मला वाटते ते असे की या एका बाबतीत आगरकर बरोबर होते आणि टिळक चुकले.

१९ मार्चला विधेयक मंजूर झाले. आणि मग? मग बहुतेक ठिकाणी काहीच झाले नाही. कायदा पुस्तकात गेला. असोद्यासारख्या गावात तो कोण वाचणार, आणि वाचला तरी तक्रार कोण करणार? मुलगी नवऱ्यावर? आई जावयावर? मुलीचे वय अकरा की तेरा हे ठरविणार कशावरून. "मोठ्या पुराच्या साली झालेली" किंवा "अमकीच्या वासराबरोबरची" अशी तर जन्माची नोंद. १८९३ च्या सुमारास असोद्याच्या महाजनांची तेरा वर्षांची लेक जळगावास नांदावयास गेली ती कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे बिनचूक. आपण ज्या लग्नाचे वर्णन कौतुकाने करतो ते आज झाले तर लावणारे, लावून देणारे व जेवून गेलेले सारे अडचणीत येतील. हे बहिणाबाईंच्या घरच्यांना दोष द्यावा म्हणून लिहीत नाही. काळ तसाच होता. परंतु काळ तसा होता म्हणून तो बरा होता, असे मात्र नव्हे.

मधल्या काळात संस्थानांनी काही पावले ब्रिटिश सरकारपुढे टाकली. मालेगावजवळच्या कवळाणे गावात जन्मून बडोद्याच्या गादीवर गेलेले सयाजीराव महाराज यांनी १९०४ सालीच बालविवाहास बंदी घालणारा कायदा आपल्या राज्यात केला. ब्रिटिश हद्दीत १९२५ मध्ये रेषा पुन्हा सरकली: परक्या पुरुषाच्या बाबतीत चौदा, नवऱ्याच्या बाबतीत तेरा. येथून कायद्यात दोन रेषा झाल्या. मुलगी तीच, शरीर तेच. पण गळ्यात मंगळसूत्र असले की संरक्षण एक वर्षाने कमी. ही दुसरी रेषा पुढे ब्याण्णव वर्षे राहिली, हे ध्यानात ठेवावे.

१९२८ मध्ये या सर्व प्रश्नाची चौकशी करण्यासाठी वऱ्हाडातील सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. तिला आढळले ते आपल्यास आश्चर्याचे वाटू नये: १८९१ चा कायदा लोकांना ठाऊकच नव्हता. पुढच्याच वर्षी हरबिलास सारडा यांचा कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा झाले. मंजुरी आणि अंमल यांच्या मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची एकच घाई उडाली. कायदा येतो आहे, तेवढ्यात उरकून घ्या! लोक कायदा पाळीत नाहीत असे कोण म्हणतो. कायदा कोठून सुरू होतो हे तर ते नेमके पाहतात.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये लग्नाचे वय पंधरा आणि संमतिवय सोळा झाले. नवऱ्याच्या बाबतीत पंधरा. १९७८ मध्ये लग्नाचे वय अठरावर आले. दंडसंहितेतली नवऱ्याची सवलत मात्र पंधरावरच राहिली.

आता ज्या घटनेकडे वळते ती आपल्याच राज्यातली. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. डॉक्टरांच्या मते वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. आरोपी दोन पोलीस. सेशन्स कोर्टाने त्यांना सोडले, नागपूरच्या हायकोर्टाने दोषी धरले, आणि १९७८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने ओरडा केला नाही, तेव्हा तिची मूक संमती असावी, असा निकालाचा रोख होता. ठाण्याचे दार आतून बंद, समोर शिपाई, आणि पोरीने ओरडावयास हवे होते! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. १९८० च्या ८ मार्चला गावोगाव बायका रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ ची दुरुस्ती झाली: पोलीस, अधिकारी, तुरुंगवाले यांच्या ताब्यातील स्त्रीवर अत्याचार झाला व संबंध आल्याचे सिद्ध झाले, तर "माझी संमती नव्हती" हे तिचे म्हणणे कोर्टाने खरे धरून चालावे, आणि पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरला.

आणि १९९४. जळगावच्या त्या प्रकरणाविषयी आपल्या पिढीतल्या बायकांना सांगावयास नको. छायाचित्रांचा धाक घालून मुलींचा छळ झाला. त्यांत शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुली होत्या. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या अधिकारी मीरा बोरवणकर तपासासाठी आल्या. अडचण काय आली? मुली व त्यांची घरे पुढे येईनात. नाव बाहेर येईल, लग्न व्हावयाचे नाही, धाकट्या बहिणीचेही व्हावयाचे नाही. कित्येक आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या दिवसांत जळगावच्या मुलीचे स्थळ म्हटले की बाहेरगावचे लोक चेहरा वेगळा करीत, हे आपण पाहिले आहे. लाज गुन्हेगाराला वाटावयाची, ती साऱ्या जिल्ह्याच्या लेकींच्या वाट्याला आली.

येथे एक गोष्ट सांगते. ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. सुमारे वीस-बावीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी राहत असे. एक दिवस शेजारची बाई माझ्याकडे आली. तिची नऊ वर्षांची मुलगी एका नातेवाइकाच्या घरी जावयास नाही म्हणत होती, आणि का म्हणते ते तिने आईला आपल्या शब्दांत सांगितले होते. आईने माझा हात धरून विचारले, "ताई, आता काय करू?" मी चार बुके शिकलेली, मंडळात भाषणे करणारी. मी म्हटले, "तिला तेथे पाठवू नकोस. पण वाच्यता करू नकोस. पोरीचे पुढे लग्न व्हावयाचे आहे." ती डोळे पुसून गेली. तो गृहस्थ आपल्या मानाने जगला. त्या घरात येणाऱ्याजाणाऱ्या इतर पोरींचा विचार माझ्या मनात त्या दिवशी आला नाही, तो पुढे पुष्कळ वर्षांनी आला. ती मुलगी एका लग्नात मला भेटली, वाकून नमस्कार केला, "मावशी, ओळखलं का?" म्हणाली. मी तिच्या डोळ्यांकडे पाहू शकले नाही.

आज तोच सल्ला मी दिला तर गुन्हेगार ठरेन. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा लागू झाला. लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी "पोक्सो" म्हणतात. त्यात असे स्पष्ट म्हटले आहे की असा प्रकार घडल्याचे ज्याला समजले त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने दडपले तर वर्षापर्यंत. शाळेचे मुख्याध्यापक, वसतिगृहाचे गृहपाल, आणि होय, महिला मंडळाच्या अध्यक्षाही. चांगल्या हेतूने कळविणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही.

या कायद्यात नवे ते काय, हे नीट समजून घ्यावयास हवे, कारण पुष्कळांना वाटते की शिक्षा वाढविल्या एवढेच. पहिले म्हणजे यात मुलगा व मुलगी असा भेद नाही; अठराच्या आतील प्रत्येक मूल. जुना बलात्काराचा कायदा मुलग्यांना ओळखतच नव्हता. गोव्यात मडगावला अनाथ मुलांसाठी आश्रम चालविणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला तेव्हा मुलगे आपल्या कायद्याच्या नजरेत किती अदृश्य आहेत हे देशास कळले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. गोवा राज्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा करून मुलांसाठी निराळे न्यायालय नेमले, ते केंद्राच्या नऊ वर्षे आधी. शेजारच्या छोट्या राज्याचे हे श्रेय आपण विसरू नये.

दुसरे, मुलाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू नये अशी तजवीज आहे. जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईबापांच्या किंवा विश्वासाच्या माणसासमोर घ्यावयाचा. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरने करावयाची. मुलाला रात्री ठाण्यात ठेवावयाचे नाही. कोर्टात वकिलाने मुलावर थेट प्रश्नांचा भडिमार करावयाचा नाही. प्रश्न न्यायाधीशांना द्यावयाचे, ते विचारतील. आरोपी मुलाच्या दृष्टीस पडणार नाही अशी व्यवस्था, मधूनमधून विश्रांती, नाव कोठेही छापावयाचे नाही. मुलाची साक्ष तीस दिवसांत व खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवावा, असेही लिहिले आहे. ते सर्वत्र पाळले जाते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण देसाईगंजच्या मुलीला, जळगावच्या मुलींना यातले काहीच मिळाले नव्हते.

कायदा चांगला असला तरी त्याचा अर्थ लावणारी माणसेच असतात. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने असा निकाल दिला की बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवरून केलेला स्पर्श हा या कायद्याखालचा लैंगिक हल्ला नव्हे, कारण त्वचेला त्वचा लागली नाही. देशभर आश्चर्य व्यक्त झाले. देशाचे महान्यायवादी स्वतः अपिलात गेले, राष्ट्रीय महिला आयोग गेला, आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला: पाहावयाचा तो हेतू, कापडाची जाडी नव्हे.

आणि ती दुसरी रेषा, नवऱ्याच्या सवलतीची? ती ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने पुसली. अठराच्या आतील पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, असे न्यायमूर्ती लोकूर व न्यायमूर्ती गुप्ता यांनी ठरविले. योगायोगाने तो जागतिक बालिका दिन होता. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता आली, तिच्यातही अठराच आहे. दहापासून अठरापर्यंत येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

यात नवे पेच आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. सतरा वर्षांची मुलगी आपखुशीने एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर निघून जाते, आणि बाप या कायद्याखाली फिर्याद देतो. अशा मुलाला आणि नऊ वर्षांच्या पोरीवर हात टाकणाऱ्या म्हाताऱ्याला एकाच पिंजऱ्यात उभे करावे काय, यावर न्यायाधीशांतही चर्चा आहे. मला स्वतःला वाटते की वयाची रेषा खाली आणू नये. पण बापांनी अब्रूचा राग काढण्यासाठी हा कायदा वापरू नये हेही तितकेच खरे.

आपल्याकडे मुख्य प्रश्न अजून लग्नाचाच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. अशी मुलगी दिवस राहून सरकारी दवाखान्यात गेली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते, आणि नवरा गजाआड जातो. सासू रडत म्हणते, "आम्हांला माहीत नव्हतं." २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लग्न लावणाऱ्या, जुळविणाऱ्या व करवून देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. गावात ते रोखण्याचा अधिकार ग्रामसेवकाला आहे. आणि खानदेशात ही लग्ने कोणत्या दिवशी लागतात, हे सांगावयास ज्योतिषी नको. आखाजीला. ज्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर बसावयाच्या, त्याच दिवशी कोणा पोरीला झोक्यावरून उतरवून बोहल्यावर चढवितात.

म्हणून आम्ही काही जणी आखाजीच्या आधी गावातून फिरतो. फार काही करीत नाही. शाळेचा दाखला पाहतो. वय ठरविण्यास तो आणि जन्माचा दाखला हेच आधी पाहिले जातात. म्हणून जन्माची नोंद वेळेवर करा, हेही सांगतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो. मागे एका घरी आम्ही दोघी गेलो. मुलीला अठरा पुरी होण्यास चौदा महिने अवकाश होता आणि पत्रिका छापावयास गेलेली होती. घरच्यांनी बसा म्हटले नाही. आम्ही ओट्यावरच बसलो. मुलीचे वडील रागावून आत गेले. तिची आजी मात्र दाराशी आली, पंचाहत्तरीची असावी. म्हणाली, "आमचं लगन झालं तव्हा कुठी गेला व्हता तुमचा कायदा?"

मी विचारले, "आजी, तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं?"

"बाराव्या."

मी हिशेब केला. तेव्हा वय पंधरा होते. मी म्हटले, "कायदा होता, आजी. सांगायला कोणी आलं नव्हतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत वळून तिने नातीला हाक मारली आणि आमच्यासाठी पाणी आणावयास सांगितले.